सईच्या आईचं वाक्य

सात वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, ॲरिझोनातल्या चँडलर शहरात, आमच्या घराच्या हॉलमध्ये मी माझ्या सासूबाईंना एका जपानी मालिकेतलं एक वाक्य खोटं सांगितलं. गफलत झाली नव्हती. वाक्य पडद्याच्या तळाशी स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि दुसरंच सांगितलं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकीला न सांगताच कळलं होतं, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

तुम्ही म्हणाल, मालिकेतलं एक वाक्य — त्यात एवढं काय? हाच प्रश्न मीही स्वतःला बरीच वर्षं विचारत होते. त्यातल्या सोयीसाठी विचारत होते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मोजमाप नीट होईल. मी नाशिकच्या एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते. आलेली बातमी कापायची, वाक्यं सरळ करायची, मथळा कॉलमाच्या रुंदीत बसवायचा. आमच्या वृत्तसंपादकांचा एक नियम होता. बातमीत काय हवं ते कापा, पण अवतरणचिन्हांच्या आत हात घालायचा नाही. माणूस जे बोलला ते बोलला. पहिल्याच आठवड्यात मी एका आमदाराचं वाक्य जरा सुबक केलं, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "लोकांच्या तोंडी शब्द घालायचे असतील तर नाटकं लिहा बाई, इथे कशाला आलात?" अकरा वर्षांत मी पुन्हा तसं केलं नाही. याचा मला अभिमान होता. इथे आल्यावर, नोकरी नसताना, बहुतेक तेवढाच अभिमान उरला होता.

नोकरी नव्हती, कारण मी नितीनच्या — माझ्या नवऱ्याच्या — व्हिसावर आले होते. तो चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नव्हती. आमची मुलगी रेवा इथेच जन्मली, नऊ वर्षांची झाली. आणि त्या वसंतात मला कामाची परवानगी मिळाली. टेम्पीतल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं तपासायचं काम मिळालं. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. मेच्या अखेरीस रेवाची शाळा सुटणार होती. दोन महिन्यांची उन्हाळी सुट्टी, बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन, आणि घरात सांभाळायला — सासूबाई.

इथल्या मराठी घरांत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आई-वडील सहा महिन्यांच्या परवानगीवर येतात. आधी मुलाकडे, मग मुलीकडे, किंवा उलट. त्यांच्या सहा महिन्यांची वाटणी भावंडांमध्ये होते, आणि ती प्रेमाच्या भाषेत होते. "आईला जरा तुमच्याकडेही बरं वाटेल." खरा प्रश्न एकच असतो: शाळा सुटेल तेव्हा आजी कुणाकडे असेल?

आमच्याकडे वाटणीचा प्रश्न नव्हता, कारण आईंचं — सासूबाईंना मी आई म्हणायचे — त्यांच्या मुलीशी बोलणं बंद होतं. मृदुला, माझी नणंद, जर्सी सिटीत नोकरी करायची. तिने ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं आणि घरी कळवलंच नाही. आईंना ते कळलं नाशिकला, एका हळदीकुंकवात, शेजारणीच्या फोनवरचा फोटो बघून. मुलगा कोण, कुठला, याचं त्यांना फारसं काही नव्हतं. बायका फोटो बघत होत्या आणि त्या हातात वाण घेऊन उभ्या होत्या, याचं होतं. त्याच दिवशी त्यांनी मृदुलाला फोन करून सांगितलं, माझ्या घराची पायरी चढू नकोस. ती चढली नाही. चार वर्षं.

आणि त्या वसंतात मृदुलाला दिवस गेलेले होते. मेच्या शेवटची तारीख दिली होती.

आता त्या कॉमिकबद्दल. जपानमध्ये मुलींसाठी निघणाऱ्या एका मासिकात ही चित्रकथा तीसहून जास्त वर्षं चालू आहे. अजून संपलेली नाही. लेखिका मधूनच वर्ष-वर्ष थांबते. जिने शाळेत असताना पहिला भाग वाचला, ती आता आपल्या मुलीबरोबर पुढचा वाचते. रेवाने इंग्रजी खंड लायब्ररीतून आणले होते. सायो नावाची मुलगी, निळीत कापड रंगवणाऱ्यांचं एक छोटं गाव, आणि सायोची विधवा आई. या बाईचे हात मनगटापर्यंत निळे. बाकी चित्रं काळी-पांढरी. मधे एखादं रंगीत पान आलं की आधी ते हात दिसतात. सायो शिवणकाम शिकायला टोकियोला जाते, तिथेच लग्न करते, घरी विचारत नाही. आई म्हणते, या घराचं दार तुला बंद. त्यानंतर खंडामागून खंड सायो पत्रं पाठवते आणि आई उत्तर देत नाही. वाचणाऱ्या मुलींचा कितीतरी वर्षं एकच प्रश्न होता: आई जाईल का?

या चित्रकथेवर तीनदा टीव्ही मालिका निघाली. पहिली जुनी, ॲनिमेशनची. तेव्हा कॉमिक फार पुढे गेलेलं नव्हतं, म्हणून मालिकेला वेगळा शेवट जोडून ती संपवली. त्यात आई टोकियोला येतच नाही. दुसरी खऱ्या नटनट्यांची, थोडक्यात उरकलेली. तिसरी नवी, पुन्हा ॲनिमेशनची, कॉमिकला धरून चालणारी. आम्ही तिसरी बघत होतो.

आम्ही म्हणजे आई, रेवा आणि मी. रेवा शाळेतून आली की पडदे ओढून घ्यायचो, चहा व्हायचा, आणि मालिका लागायची. बोलणं जपानी, खाली इंग्रजी. आईंना दोन्ही येत नव्हतं. मी वाचून मराठीत सांगायचे. रेवाला मराठी समजतं, पण बोलताना ती तिसऱ्या शब्दाला इंग्रजीत जाते, म्हणून ते काम माझं.

कॉमिकचा खंड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा आई म्हणाल्या, "हे शेवटाकडून सुरू होतंय की गं. उर्दूसारखं?"

"आजी, इट्स जॅपनीज. राइट टू लेफ्ट."

"बरंय. म्हातारपण आधी, बालपण मग. आम्हांलाही असं मिळायला हवं होतं."

सायोला त्या सई म्हणायच्या. सईच्या नवऱ्याला "तो चष्मा". माझ्या भाषांतरावर टोमणे असायचे. "तू आकाशवाणीच्या बातम्या सांगतेस. ती पोरगी रडतेय आणि तू हवामान सांगितल्यासारखी." मी म्हणायचे, आई, जे लिहिलंय तेच सांगते. ते खरं होतं. त्या गुरुवारपर्यंत मी प्रत्येक वाक्य जसंच्या तसं सांगितलं. म्हणूनच तर त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्यांना या गोष्टीत स्वतःचं घर दिसत होतं का? दिसत होतं, आणि त्या ते लपवत नव्हत्या. एकदा सईचं पत्र त्या बाईने न वाचता चुलीत घातलं. आई म्हणाल्या, "वाचून जाळायचं होतंस गं, बये." कुणाला म्हणाल्या, आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यांच्या जुन्या सुती साडीची दुपटी शिवायला घेतली. कुणासाठी, तेही आम्ही विचारलं नाही. रेवाच्या चित्रकलेच्या डब्यातली कात्री त्यांच्याकडे गेली आणि तिकडेच राहिली.

मृदुलाने मेच्या सुरुवातीला नितीनला मेसेज केला. आईला विचार, बाळंतपणाला येईल का? मी फोन करणार नाही, पण ती आली तर मला हवी आहे. नितीनने जेवताना विचारलं. आईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघू," म्हणाल्या. नितीन म्हणाला, रविवारी व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा सांग.

त्याच आठवड्यात, मालिका बघताना, रेवाने विचारलं, "आजी, डू यू थिंक ती जाईल? सायोची आई?"

"ती? ती बाई जायची नाही. निळ्या हातांची बाई हट्टी असते."

"तू गेली असतीस?"

आई हसल्या. म्हणाल्या, "सईची आई गेली तर मीही जाईन, जा. बघू कुणाची अढी आधी सुटते."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

रेवाला पुढचं माहीत होतं. तिने तो खंड वाचला होता. पण तिचा स्वतःचा नियम होता: नो स्पॉयलर्स, पुढचं आधी फोडायचं नाही. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि सोफ्यावर लोळत राहिली. आईंना ते बघून काय कळायचं ते कळलं असावं. त्या दिवशी त्या गुणगुणत भाजी निवडत होत्या.

मी इथे थांबू शकते — इथपर्यंत मी काहीच केलेलं नाही.

त्या मंगळवारी रेवा शाळेत असताना मी तिच्या खोलीत जाऊन तो खंड वाचला. सईची आई जाते. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसते, टोकियोत पत्ता विचारत फिरते, मुलीच्या शिवणाच्या दुकानाच्या दारात उभी राहते. सई मशीनवरून मान वर करते. आई कमरेत वाकून म्हणते, "चूक माझी होती. मला आत येऊ देशील?" सई रडायला लागते. खंड तिथेच संपतो. मालिकेचं ते पर्वही तिथेच संपणार होतं, गुरुवारच्या भागात. दारात. पुढचं पर्व अजून निघालेलं नव्हतं.

मी पलंगाच्या कडेवर बसून ते पान परत परत पाहिलं. तुम्हांला वाटेल माझ्या मनात वादळ वगैरे झालं. नाही. मी तपासत होते. चित्रात काय काय दिसतं? बाई दारात. वाकलेली. मुलगी रडतेय. बस. ती आत आल्याचं चित्र नाही. म्हणजे सगळा भार एका वाक्यावर होता आणि ते वाक्य माझ्या तोंडून जाणार होतं.

दुसरं वाक्य मी पोळ्या लाटताना तयार केलं. ते जपानी वाक्याच्या लांबीचं हवं होतं, ओठ थांबतील तिथे संपणारं. ते रडण्याला जुळणारं हवं होतं आणि वाकण्यालाही. मथळा बसवावा तसं मी ते बसवलं. दोन शब्द कमी केले. हे मला आलं, कारण हेच मला येत होतं.

गुरुवारी भाग लागला. सईची आई आगगाडीत बसली तशी आईंनी चहाचा कप खाली ठेवला. ती पत्ता विचारत हिंडली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, कुणीतरी सांगा तिला!" ती दारात उभी राहिली. वाकली. बोलली.

"काय म्हणाली? काय म्हणाली गं?"

मी म्हणाले, "ती म्हणते — तुझं चांगलं चाललंय. एवढंच बघायचं होतं. मी जाते आता."

सई रडली. नावं वर सरकायला लागली. रेवा माझ्याकडे वळली. "मॉम. दॅट्स नॉट —"

"रेवा, वेट."

"बट शी सेड —"

"आय सेड वेट."

आई पडद्याकडे बघत होत्या. "गेली परत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत नाही गेली."

"नाही."

त्या उठल्या. कप उचलून सिंकमध्ये ठेवला, धुतला, पालथा घातला. म्हणाल्या, "शहाणी आहे. उगाच मधे कशाला."

रेवाला मी गॅरेजमध्ये नेलं. तिला सांगितलं की जुन्या मालिकेत आई आत जात नाही, आणि आपण आजीला जुन्या मालिकेतलं सांगतोय. हे खोटं नव्हतं, हे तुम्ही लक्षात घ्या. जुन्या मालिकेत आई खरंच आत जात नाही, कारण ती येतच नाही. खऱ्या तुकड्यांनी खोटं कसं उभं करायचं हेही मी वर्तमानपत्रातच पाहिलं होतं; फक्त कधी केलं नव्हतं. रेवा म्हणाली, "बट आजी प्रॉमिस्ड. शी वॉज गोइंग टू गो." मी म्हणाले, आजी दमते, इतका प्रवास तिला झेपणार नाही, आणि तू तिला काही सांगितलंस तर तिला वाईट वाटेल. नऊ वर्षांच्या मुलीला मी सांगितलं की गप्प राहणं म्हणजे प्रेम. ती गप्प राहिली.

रविवारी नितीनने लॅपटॉप उघडला. आईंनी त्याला कॉल लावू दिला नाही. म्हणाल्या, "नको रे. तिचं चांगलं चाललंय. मी कशाला मधे?"

माझं वाक्य. जवळजवळ शब्दशः. मी बाजूलाच कोथिंबीर निवडत होते.

नितीनने मृदुलाला कळवलं, आई नको म्हणाली. तिने लिहिलं: ठीक आहे दादा. पुन्हा विचारू नकोस.

आता कारण. तुम्ही अंदाज केलाच असेल. आई जर्सी सिटीला गेल्या असत्या तर बाळंतपण, मग बाळाचे पहिले महिने — त्यांच्या सहा महिन्यांतले उरलेले सगळे तिकडेच गेले असते. रेवाच्या सुट्टीत घरी कुणी नसतं. मला जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. सगळं कारण एवढंच. उन्हाळी शिबिरं नव्हती का? होती. आमच्या घरापासून गाडीने जवळ दोन होती, त्यांत जागा होती. मी चौकशी केली नव्हती. आईंना स्पष्ट विचारता आलं असतं का, की आधी महिनाभर तिकडे जा आणि मग इकडे या? आलं असतं. नितीनला घरून काम मागता आलं असतं. मी त्यालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझं मागणं दिसलं असतं. आणि मला या घरात काही न मागणारी सून म्हणून राहायचं होतं. मृदुला ही घर तोडून गेलेली मुलगी, आणि मी घर सांभाळणारी सून — ही वाटणी मला मानवत होती. आई उठता-बसता म्हणायच्या, "सून माझी लेकीसारखी." लेक परत आली असती तर त्या वाक्याचं काय झालं असतं?

जूनमध्ये मी कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी आईंनी डबा भरून दिला. गवार होती. मृदुलाला मुलगी झाल्याचं त्याच आठवड्यात कळलं. नितीनने फोटो दाखवला, आईंनी चष्मा लावून बघितला आणि फोन परत दिला. दुपटी त्यांनी घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवली. परत जाताना ती त्यांच्याबरोबर नाशिकला गेली.

पुढल्या वर्षी विमानं बंद झाली. आई नाशिकला एकट्या. शेजारणीने त्यांच्या टीव्हीला इंटरनेट लावून दिलं, आणि एक दिवस व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या, "अगं, गंमत सांगू? आपली सई हिंदीत बोलायला लागलीये."

मला वाटतं मी हसले.

"मी पहिल्यापासून बघितलं. तुझ्याशिवाय. तुझ्यासारखं हवामान नाही सांगत ते, छान रडतात." मग म्हणाल्या, "ती आत गेली की गं. 'गलती मेरी थी, अंदर आने दोगी?' असं म्हणाली. पुढच्या भागात दोघी मिळून कापड रंगवतात."

विचार करायला मला क्षणभरसुद्धा लागला नाही. "ते नवीन काढलं असेल, आई. एकेका देशात वेगवेगळं दाखवतात."

आई कॅमेऱ्याकडे बघत होत्या. मी बघत नव्हते.

"असं होय," त्या म्हणाल्या. मग रेवाची शाळा घरूनच चालू आहे का, ते विचारलं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला का? मला माहीत नाही, आणि पडताळून बघायला आता कुणी नाही. एवढं नक्की की त्याच महिन्यात त्यांनी नितीनला सांगितलं, मृदुलाला विचार, मी फोन केला तर चालेल का. नितीनने विचारलं. मृदुला म्हणाली, "मला तेव्हा हवी होती, दादा. आता नको." हे त्याने आईंना जसंच्या तसं सांगितलं. आमच्या घरात जसंच्या तसं सांगणारा तोच निघाला.

रेवाबद्दल लिहिते म्हणाले होते. तेरा वर्षांची असताना एकदा गाडीत, मी तिला पोहायला सोडत होते, तेव्हा तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "मॉम, डिड यू डू इट बिकॉज ऑफ युअर जॉब?" कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणाले, सीट बेल्ट लाव. तो लावलेलाच होता. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही. ते कॉमिक ती वाचत नाही. नवा खंड आला की तिच्या मैत्रिणी बोलतात, ती उठून जाते.

तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर? आई तेव्हा हयात होत्या. मृदुला फोन उचलत होती. दोन फोन करायचे होते. ते मी केले नाहीत. माझी नोकरी चांगली चालली होती. मला बढतीही मिळाली होती.

गेल्या वर्षी आई गेल्या. नाशिकला, रुग्णालयात, हृदयाच्या दुखण्याने. नितीन शेवटच्या दोन दिवसांत तिथे पोचला होता. मी आणि रेवा चँडलरलाच होतो. त्या संध्याकाळी मृदुलाचा फोन आला. चार-पाच वर्षांत ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. आवाज बसलेला होता. तिने दिवसांसाठी मुंबईचं तिकीट काढलं होतं, मुलीचं आणि स्वतःचं. पण निघावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"वहिनी, मला एक खरं सांगशील? दादा सांगणार नाही, तो सगळ्यांना सांभाळून घेतो. तू तशी नाहीस."

मी म्हणाले, विचार.

"हिच्या वेळी, आई तुमच्याकडे होती तेव्हा. तिला यायचं होतं का गं? जराही? ती एकदा जरी म्हणाली असेल ना की जाते, तर मी जाईन. नाहीतर त्या घरात पायरीवर उभं राहून मी काय करू?"

मागे तिची मुलगी कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होती. मला ऐकू येत होतं.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आली का नाही?

"नाही गं," मी म्हणाले. "तसं कधी बोलल्या नाहीत."

"बरं," मृदुला म्हणाली. "थँक्स, वहिनी."

तिने दोन्ही तिकिटं कॅन्सल केली.